पाच फूट उंचीची नेमबाज

माझी उंची चार फूट अकरा इंच. हे आधीच सांगून टाकते, कारण या लेखाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. आणखी एक कबुली. पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठीत इतकं लांबलचक मी पहिल्यांदाच लिहितेय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर त्या संपादकांच्या माथी मारा आणि पुढे वाचा!

तर झालं असं. फर्स्ट इयरच्या सुट्टीत मी एका कॅम्पला गेले होते. तिथे रायफल चालवायला मिळणार म्हणून आदल्या रात्री झोपच आली नाही. सकाळी जमिनीवर पालथं पडून नेम धरायचा होता. माझ्या वाट्याला आलेल्या रायफलचा दस्ता, म्हणजे आपण ज्याला बट म्हणतो तो लाकडी भाग, इतका लांब होता की तो खांद्याला टेकवला की बोट ट्रिगरपर्यंत जेमतेम पोचायचं. बोट नीट पोचवलं तर दस्ता खांद्यावरून घसरून दंडावर यायचा. मान जिराफासारखी ताणून कशाबशा पाच गोळ्या मारल्या. एकही कागदाला लागली नाही! मान मात्र दोन दिवस आखडली. तिथल्या एका मोठ्या माणसाने हसत हसत सांगून टाकलं की हे मुलींचं काम नाही आणि एवढ्याशा मुलीचं तर नाहीच. मला ते पटलं. खरंच पटलं. लहान चणीच्या माणसाने काही गोष्टींच्या वाटेला जाऊ नये, असं मनाशी ठरवून मी घरी आले.

त्यानंतर वर्षभराने लायब्ररीत, सबमिशन टाळण्यासाठी पुस्तकं चाळत असताना, मला ॲनी ओकली भेटली. तिची उंची जेमतेम पाच फूट. आणि तिच्या काळात तिच्याइतकी प्रसिद्ध नेमबाज जगात दुसरी नव्हती.

ॲनीचं खरं नाव फीबी ॲन मोझी. जन्म 13 ऑगस्ट 1860, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डार्क काउंटी नावाच्या जिल्ह्यात. घरची गरिबी, भावंडं पुष्कळ. हिमवादळात सापडून वडील आजारी पडले आणि 1866 मध्ये न्यूमोनियाने गेले. तेव्हा ॲनी अवघी साडेपाच वर्षांची. वडिलांची लांब नळीची जुनी रायफल भिंतीवर टांगलेली होती. आठेक वर्षांची असताना एक दिवस तिने ती खाली काढली आणि खारीवर पहिला बार टाकला. कोणी शिकवलं नव्हतं, कोणाची परवानगीही नव्हती. घरात खायला नव्हतं, एवढंच कारण.

पण गरिबी एवढ्याने हटत नाही. नऊ-दहा वर्षांची असताना आईला तिला जिल्ह्याच्या अनाथ-अपंगांच्या आश्रमात ठेवावं लागलं. तिथे ती शिवणकाम शिकली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे. तिथून एका कुटुंबाने घरकामासाठी तिला नेलं. पगार देऊ, शाळेत घालू, असं सांगून नेलं, आणि प्रत्यक्षात गुलामासारखं राबवलं. मारहाण केली. एकदा शिवता शिवता डुलकी लागली म्हणून थंडीत बर्फात उभं केलं. शेवटी ती तिथून पळाली. मोठेपणी तिने त्या लोकांचं नाव कधीच कुठे घेतलं नाही. त्यांचा उल्लेख ती फक्त लांडगे असा करायची. हॉस्टेलमध्ये पहिल्या आठवड्यात घरची आठवण येऊन रडलेल्या आपण सगळ्यांनी हे एकदा वाचावं.

घरी परतल्यावर तिने शिकार हाच धंदा केला. लावे, ससे, रानकोंबडे मारायचे आणि ग्रीनव्हिलच्या दुकानदाराला विकायचे. तो माल पुढे शहरातल्या हॉटेलांना जायचा. तिच्या शिकारीला मागणी असायची, कारण ती पक्ष्याच्या डोक्यावर नेम धरायची. मांसात छर्रा सापडत नसे. या पैशांतून पंधरा वर्षांच्या आसपास असताना तिने आईच्या घरावरचं कर्ज फेडलं. आपल्यापैकी कितीजणांनी पंधराव्या वर्षी मोबाईल रिचार्जचे तरी पैसे कमावले होते?

पुढे फ्रँक बटलर आला. फ्रँक मूळचा आयर्लंडचा, गावोगावी नेमबाजीचे खेळ करणारा. गावात जो कोणी असेल त्याच्याशी पैज लावायचा. पैजेला समोर एक ठेंगणी मुलगी येऊन उभी राहिलेली बघून त्याला हसू आलं असणार. सांगतात की तिने पंचवीसपैकी पंचवीस नेम मारले आणि त्याचा एक हुकला. फ्रँक हरला, आणि प्रेमातही पडला. दोघांनी लग्न केलं. 1882 मध्ये फ्रँकचा जोडीदार आजारी पडला म्हणून ती पहिल्यांदा त्याच्याबरोबर स्टेजवर आली. लोक फक्त तिलाच बघतायत हे फ्रँकच्या लवकर लक्षात आलं. त्या काळच्या पुरुषाने केलं नसतं ते त्याने केलं. स्वतः मागे सरकला, तिचा मॅनेजर झाला आणि तोंडात सिगारेट धरून तिच्या नेमासमोर उभा राहू लागला. ॲनी ओकली हे नाव तिने स्टेजसाठी घेतलं.

1884 मध्ये तिची भेट लाकोटा जमातीच्या सिटिंग बुल या सरदाराशी झाली. तो तिच्यावर इतका खूश झाला की त्याने तिला मुलगी मानलं आणि छोटीशी पण अचूक नेम असलेली, अशा अर्थाचं नाव दिलं. 1885 मध्ये ती बफेलो बिलच्या वाइल्ड वेस्ट शोमध्ये दाखल झाली. घोडे, काउबॉय, शेकडो माणसं असा तो प्रचंड तंबू-संसार होता, सर्कसच म्हणा ना. ती आरशात बघून खांद्यामागचा नेम मारायची. पत्त्याचं पान कडेने उभं धरलं तरी फाडायची. तिचे ते झालरीचे पोशाख ती स्वतः शिवायची, आश्रमात शिकलेल्या शिवणाने. 

आता मुख्य गोष्टीकडे येते. त्याच वर्षी सिनसिनाटीजवळ तिने एका दिवसात हवेत उडवलेल्या 5000 काचेच्या गोळ्यांवर शॉटगनने नेम धरला आणि 4772 फोडल्या. म्हणजे 95 टक्क्यांहून जास्त. आपल्याला एम-थ्रीमध्ये असे मार्क कधी पडणार देव जाणे! पण मी टक्के बाजूला ठेवले आणि दुसराच विचार करू लागले. 5000 बार म्हणजे खांद्यावर 5000 धक्के. बंदूक अंगाला नीट बसत नसेल तर पन्नासाव्या बारालाच माणूस रडकुंडीला येईल.

1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा हा शो लंडनला गेला. तिथे ॲनी खूप गाजली. राणीनेही खेळ पाहिला. पण एका ठिकाणी तिची पंचाईत झाली. इंग्लंडमधले वेगाने उडणारे निळे पारवे तिला जमेनात. ते पिंजऱ्यातून सुटले की गोळीसारखे पळायचे, आणि तिची बंदूक वर येईपर्यंत पार पुढे गेलेले असायचे. तिच्याजवळची बंदूक तिच्या अंगाच्या मानाने जड होती आणि तिचा दस्ताही तिच्या मापाचा नव्हता. इतकी वर्षं कौशल्याच्या जोरावर ती हे सांभाळून घेत होती. पारवे वेगवान निघाले आणि ते सांभाळून घेणं उघडं पडलं.

लंडनमध्ये चार्ल्स लँकेस्टर नावाची बंदुका बनवणारी पेढी होती. मूळचे लँकेस्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती. पेढीचा मालक होता हेन्री थॉर्न, पण धंद्यात तो लँकेस्टर याच नावाने वावरायचा. नेमबाजी शिकवण्यावर त्याने त्याच नावाने पुस्तकही लिहिलं. थॉर्नने ॲनीला आपल्या मैदानावर सराव करू दिला, ती कशी उभी राहते, बंदूक कशी उचलते ते बघितलं, आणि तिच्या मापाच्या हलक्या बंदुका बनवून दिल्या. त्यानंतर पारवे पडू लागले. ॲनी पुढे या बंदुकांचं उघडपणे कौतुक करायची.

आता मेकॅनिकलवाल्यांनी जरा सरसावून बसा. बाकीच्यांनी दोन-तीन परिच्छेद सहन करा.

रायफलला पुढे आणि मागे अशा दोन ठिकाणी नेम धरायची खूण असते. शॉटगनला फक्त पुढे, नळीच्या टोकाला एक छोटा मणी असतो. मग मागची खूण कुठली? तुमचा डोळा! म्हणजे डोळा हाच यंत्राचा एक पार्ट झाला, आणि तो जागच्या जागी ठेवायचं काम दस्ता करतो. गाल दस्त्याच्या वरच्या कडेवर टेकतो, त्यावरून डोळ्याची उंची ठरते. आता सरळ समरूप त्रिकोण मांडा. डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण 1 मीटर धरा, पक्षी 30 मीटरवर. डोळा 3 मिलिमीटर सरकला तर तिकडे 9 सेंटिमीटरचा फरक. छर्रे पसरतात म्हणून तेवढं चालून जाईल. पण लांब दस्त्यावर मान ताणून डोळा 1 सेंटिमीटर हलला तर तिकडे 30 सेंटिमीटर! पारवा टाटा करून निघून जातो. आणि उडत्या पक्ष्यावर पुन्हा नेम धरायला वेळच नसतो. बंदूक खांद्याला लागली की त्याच क्षणी ती योग्य जागी असली पाहिजे.

मुख्य माप म्हणजे ट्रिगरपासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. सर्वसाधारण पुरुषासाठी ते 14 ते साडेचौदा इंच असतं, लहान चणीच्या माणसाला 13 किंवा त्याहून कमी लागू शकतं. एका इंचाचं काय ते, असं वाटेल. पण दस्ता लांब असेल तर बंदूक वर येताना काखेत कपड्याला अडकते, टोक खांद्याच्या खळग्याऐवजी दंडावर बसतं आणि धक्का हाडावर येतो. फार आखूड असेल तर स्वतःच्याच अंगठ्याचा ठोसा नाकावर बसतो. दस्ता कोपरात टेकवून बोट ट्रिगरला पोचतं का हे बघायची जुनी पद्धत आहे, पण ती ढोबळच. कारण मान किती लांब, गाल किती भरलेले, खांदे किती रुंद, हे कोपराला काय कळणार? म्हणून चांगले कारागीर आणखी मापं घेतात. वरची कड नळीच्या रेषेपासून किती खाली हवी, मागच्या टोकाचा कोन किती हवा, दस्ता उजवीकडे किंचित वळवायचा का. अक्रोडाचं लाकूड गरम तेलाने तापवून ते हळूहळू वाकवतातसुद्धा. मापं घेण्यासाठी एक खास बंदूक असते, तिचा दस्ता स्क्रूने लांब-आखूड, वर-खाली करता येतो. टेलरच्या टेपसारखीच समजा.

दस्ता आखूड करणं तसं करवतीचं काम, पण फसायच्या जागा पुष्कळ. मागे रबरी पॅड बसवणार असाल तर त्याची जाडी आधी वजा करायची. 13 इंच हवेत आणि पॅड 1 इंचाचं असेल तर लाकूड 12 वर कापायचं. हे विसरून 13 वर कापणारे असतातच. करवत बारीक दात्यांची हवी, कापायच्या रेषेवर चिकटपट्टी लावायची, नाहीतर खालच्या टोकाच्या चिलप्या उडतात. मागच्या टोकाचा कोन होता तसाच ठेवायचा. आणि शंका असेल तर थोडं कमीच कापायचं. कमी कापलं तर पुन्हा कापता येतं, कापलेलं लाकूड मात्र परत चिकटत नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये फायलिंगच्या जॉबला हे वाक्य आम्ही सगळे रडत रडत शिकलो आहोत.

यात आणखी एक गंमत आहे. मागचं लाकूड काढलं की मागचं वजन कमी होतं आणि बंदूक पुढे जड वाटायला लागते. म्हणजे पुरुषी मापाच्या जड बंदुकीचा फक्त दस्ता छाटला की काम झालं, असं नाही. सगळीच बंदूक हलकी करावी लागते. पण हलकी केली की धक्का वाढतो. संवेगाची अक्षय्यता, अकरावीचं फिजिक्स! तेव्हा काडतूसही हलकं हवं. एक माप बदललं की बाकीची चार बदलतात. थॉर्नने ॲनीला नवी हलकी बंदूकच बनवून दिली त्याचं कारण मला हे गणित मांडल्यावर कळलं.

आता उरलेलं आयुष्य भराभर सांगते. 1889 मध्ये पॅरिसचं प्रदर्शन, नंतर युरोपभर दौरे. 1894 मध्ये एडिसनच्या स्टुडिओत तिच्या नेमबाजीची छोटीशी फिल्म घेतली गेली, जी आजही बघायला मिळते. हो, तोच आपला बल्बवाला एडिसन. 1898 मध्ये युद्धाची चिन्हं दिसू लागली तेव्हा तिने राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले यांना पत्र लिहून 50 स्त्री नेमबाजांची तुकडी देऊ केली. ती कोणी स्वीकारली नाही. 1901 मध्ये शोच्या रेल्वेगाडीला अपघात झाला, तिच्या पाठीला दुखापत झाली आणि तिने तो शो सोडला.

1903 मध्ये त्याहून वाईट घडलं. कोकेनसाठी चोरी केली म्हणून ॲनी ओकली शिकागोच्या तुरुंगात आहे, अशी बातमी छापून आली. पकडलेली बाई भलतीच कोणी होती. पण बातमी देशभर पसरली होती. ॲनीने एकेका वर्तमानपत्रावर खटला भरला. एकूण 55! पुढची कित्येक वर्षं ती कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली आणि 55 पैकी 54 ठिकाणी एकतर जिंकली किंवा तडजोडीत नुकसानभरपाई मिळवली. जिच्याकडे लहानपणी स्वतःचं म्हणावं असं काहीच नव्हतं, तिला आपलं नाव किती मोलाचं वाटत असेल!

उतारवयात तिने हजारो स्त्रियांना नेमबाजी शिकवली. 1922 मध्ये, साठी ओलांडल्यावर, तिने एका स्पर्धेत 16 यार्डांवरून लागोपाठ 100 चकत्या फोडल्या. त्याच वर्षी मोटार अपघातात तिचं कंबरेचं हाड मोडलं. पायाला आधाराची पट्टी लावून ती पुन्हा मैदानात उतरली. 3 नोव्हेंबर 1926 ला ती गेली. फ्रँकने खाणंपिणं सोडलं असं सांगतात. 18 दिवसांनी तोही गेला.

हे सगळं वाचून झाल्यावर मला त्या कॅम्पची सकाळ आठवली. ॲनीसुद्धा इंग्लंडच्या पारव्यांसमोर हुकली होती. फरक इतकाच की तिला कोणी तू लहान आहेस, हे तुझं काम नाही, असं सांगून परत पाठवलं नाही. तिला एक कारागीर भेटला, त्याने टेप काढली आणि माप घेतलं. आज स्पर्धेच्या रायफलींचा दस्ता मागेपुढे, वरखाली सरकवता येतो. 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ज्या प्रकारात ब्राँझ मिळवलं, त्यातल्या रायफली अशाच असतात. तिथे कोणी खेळाडूला रायफलच्या मापाचं व्हायला सांगत नाही.

माझ्याही बाबतीत एक थॉर्न भेटला. सेकंड इयरला लेथवर टूलची धार बघायला मी टाचा उंच करून उभी राहायचे. त्यामुळे हात थरथरायचा आणि जॉब दरवेळी अंडरसाईज जायचा. मी मनात म्हणायचे, चला, हेही आपलं काम नाही. वर्कशॉपच्या काकांनी तीन-चार प्रॅक्टिकल्स नुसतं बघितलं. मग एक दिवस पॅकिंगच्या जुन्या खोक्याच्या फळ्या ठोकून सहा इंच उंचीचा एक पाट केला आणि काही न बोलता माझ्या लेथपुढे सरकवला. त्या दिवशीचा जॉब टॉलरन्समध्ये बसला. माझी उंची अजूनही चार फूट अकराच आहे!

तो पाट अजून वर्कशॉपच्या कोपऱ्यात आहे आणि दरवर्षी त्यावरून ज्युनियर मुलींची (आणि दोन-तीन मुलांचीही, नावं सांगत नाही) भांडणं होतात. तेव्हा सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. असे आणखी चार पाट करून घ्या. फळ्या आम्ही आणतो, रंधाही आम्हीच मारतो. फक्त कापण्याआधी माप नीट घेऊ द्या.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी